विक्शनरीचा रिव्ह्यू: सगळी परीक्षा एकाच 'कर'वर

ऑनलाइन डिक्शनरीचे रिव्ह्यू बहुतेक एकाच छापाचे असतात, शब्द भरपूर आहेत, पटकन उघडते, जाहिराती नाहीत, पाच स्टार, संपलं. ह्यातून काही म्हणजे काही कळत नाही. डिक्शनरी किती पाण्यात आहे ते बघायचं तर तिला मोठा जडजंबाल शब्द देऊन उपयोग नाही, तो कुठेही मिळतो. एवढासा शब्द द्या, दोन व्यंजनं आणि मधे एक स्वर, जो जगातल्या ढीगभर भाषांत ढीगभर अर्थांनी पडलेला असेल, आणि मग बघा ती काय करते. म्हणून विक्शनरीची परीक्षा मी 'कर' ह्या एकाच शब्दावर घेतली, आणि सांगायचं ते सगळं ह्याच शब्दातून सांगतो, उगाच फीचर्सची यादी देत बसत नाही.

आधी थोडक्यात ओळख, ज्यांनी कधी उघडली नाही त्यांच्यासाठी. विक्शनरी हे विकिपीडियाचं भावंड, १२ डिसेंबर २००२ ला सुरू झालेलं, फुकट, लॉगिन लागत नाही, कोणीही संपादन करू शकतं. वेगवेगळ्या भाषांतल्या विक्शनऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. इंग्रजी विक्शनरी म्हणजे इंग्रजी शब्दांची डिक्शनरी नव्हे, ती सगळ्या भाषांच्या शब्दांची आहे, फक्त समजावून सांगितलंय इंग्रजीत. म्हणजे त्यात मराठी शब्दही आहेत, तुर्कीही, हंगेरियनही आणि मेलेल्या भाषांतलेसुद्धा. मराठी विक्शनरीही आहे, पण तिच्यात पानं कमी, आणि व्युत्पत्तीसाठी जायचं तर सध्या तरी इंग्रजीवालीच उघडावी लागते. पुढे जे लिहितोय ते तिच्याबद्दल.

मुख्य मुद्दा असा की ह्या डिक्शनरीत एक पान म्हणजे एक स्पेलिंग. एक शब्द नाही, एक अर्थ नाही, एक भाषा तर नाहीच नाही. रोमन अक्षरांत के-ए-आर टाइप केलं की जे पान उघडतं त्यावर के-ए-आर असं लिहिलं जाणारं सगळं एकाखाली एक येतं, इंग्रजीत शब्द असेल तर तो आधी आणि बाकीच्या भाषा त्यांच्या नावाच्या अक्षरक्रमाने. त्यामुळे पानावरचे शेजारी हे नातेवाईक असतीलच असं अजिबात नाही, टेलिफोन डिरेक्टरीत आडनाव सारखं म्हणून एकाखाली एक आलेल्या माणसांसारखं आहे ते, त्यातले दोघं सख्खे भाऊ असू शकतात आणि बाकीच्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. नातं आहे की नाही हे सांगतो तो प्रत्येक भाषेखालचा व्युत्पत्तीचा भाग, आणि मी म्हणेन विक्शनरी वापरायची ती फक्त ह्या भागासाठी. अर्थ तर कुठेही मिळतात.

तर 'कर'. पहिल्यांदा आपल्या घरचा. आपण 'कर ना पटकन' म्हणतो तो कर, 'करकमल' मधला हात असलेला कर, आणि 'करबुडवा' मधला कर, हे तीन आपण रोज एकाच उच्चाराने वापरतो आणि कधी अडत नाही. (आडनावातला चौथा कर आहे, त्याच्या वाटेला मी जात नाहीये, ते प्रकरण मोठं आहे.) पहिले दोन एकाच घरातले, संस्कृत 'कृ' म्हणजे करणे, आणि जो करतो तो कर, म्हणजे हात. सोंडेलाही कर म्हणतात, म्हणून हत्तीला 'करी'. आणि आपला 'हत्ती' हा शब्दही 'हस्तिन्' वरून, म्हणजे हातवाला, दोन वेगवेगळ्या शब्दांनी तीच आयडिया दोनदा केलीये लोकांनी, मला हे फार आवडतं. तिसरा कर, भरायचा तो, मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात वेगळ्या धातूखाली टाकलाय, 'कॄ' म्हणजे विखुरणे, पसरणे. त्याच नोंदीत किरण हा अर्थ आहे, आणि गारा हाही. गारांसाठी 'करका' असा शब्दही संस्कृतात आहे. ह्या गारा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता बाहेर पडू. तुर्कीत 'कर' म्हणजे बर्फ, आकाशातून पडतं ते हिम. हिब्रूत 'कर' म्हणजे थंड. आणि आपल्याकडे कर, करका म्हणजे गारा. बघा म्हणजे! हिम, थंड, गारा, तीन भाषा, एक आवाज, आणि तिन्ही अर्थ गारठलेले. इथे नव्वद टक्के माणसं (त्यात मीही आलो असतो) ताडकन उठून बसतील की हे तर एकाच मूळ शब्दाचे अवशेष, आदिम मानवाने थंडीत कुडकुडताना काढलेला आवाज वगैरे. असले लेख फॉरवर्ड होत फिरतच असतात. विक्शनरी इथे काय करते तर तिन्ही ठिकाणी शांतपणे मागे नेत जाते. तुर्की शब्द तुर्किक कुळातला, त्या कुळातल्या इतर भाषांतही हिमाला हाच किंवा ह्याच्या जवळचा शब्द आहे, म्हणजे तो तिथला जुना रहिवासी. हिब्रू शब्द सेमिटिक, तीन व्यंजनांच्या धातूतून आलेला, त्यात 'र' खरं तर दोनदा आहे आणि पहिलं व्यंजन मुळात आपल्या 'क'चं नाहीच, घशात आतून काढायचं वेगळं व्यंजन होतं, अरबीतही त्याच धातूचे थंडीचे शब्द आहेत. आणि संस्कृत शब्द विखुरण्याच्या धातूखालचा, त्याला थंडीशी देणंघेणं नाही, गारा विखुरतात म्हणून. म्हणजे तीन वाटांनी मागे गेलं की तिघं एकमेकांपासून लांब लांबच जातात, जवळ येत नाहीत. नातं असतं तर उलट झालं असतं.

हे माझ्या मते ह्या साधनाचं खरं बलस्थान. नाती जुळवायला तर सगळेच तयार असतात, हे नाती मोडायला उपयोगी पडतं. आणि ते मोडताना उगाच आवाज चढवत नाही, 'हा गैरसमज आहे' असं लाल अक्षरात ओरडत नाही, फक्त दोन-तीन ओळींत शब्द कुठून आला ते मांडतं आणि निर्णय तुमच्यावर सोडतं.

पण थांबा, तुर्कीतच अजून एक आहे, त्याच्या मधल्या स्वरावर टोपी आहे, उच्चार साधारण 'क्यार' असा होतो, अर्थ नफा. टोपी काढली तर हिम, घातली तर नफा. आणि हा टोपीवाला मात्र आपला पाहुणा निघतो, चक्क रक्ताच्या नात्यातला! तो फारसीतल्या 'कार' वरून घेतलेला, 'कार' म्हणजे काम, आणि फारसी 'कार' आणि संस्कृत 'कृ' हे एकाच इंडो-इराणी मुळाचे. म्हणजे एकाच भाषेत, जवळजवळ एकाच स्पेलिंगचे दोन शब्द, एक पूर्ण परका आणि दुसरा चुलत भाऊ. पानाच्या अगदी वर बारीक अक्षरात 'हेही पहा' अशी एक ओळ असते, तिच्यात टोप्या, रेघा, ठिपके असलेली सगळी भावंडं दिलेली असतात, बहुतेक लोक ती ओळ न बघताच खाली जातात. ती बघा. हंगेरियनमध्ये स्वरावर तिरकी रेघ दिली की नुकसान असा अर्थ होतो, म्हणजे तुर्कीत टोपी घालून नफा आणि हंगेरियनमध्ये रेघ मारून नुकसान, ह्याच्यावरून काहीही सिद्ध होत नाही पण मला हसू येतं.

फारसी 'कार' ची गोष्ट आली आहे तर जरा थांबतो कारण मराठी माणसाला इथेच सगळ्यात जास्त माल आहे. कारखाना, कारकून, कारभार, सरकार, बेकार, हे सगळं त्या फारसी 'कार'चं. आणि कुंभार, लोहार, सोनार, चांभार ह्यांच्या शेवटी जो झिजलेला 'आर' उरलाय तो संस्कृत 'कार'चा, कुंभकार, लोहकार, सुवर्णकार, चर्मकार. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून दोन दिशांना गेलेले दोन शब्द मराठीत येऊन परत भेटलेत, एक सोनाराच्या शेपटीत आणि एक सरकारात, आणि आपल्याला पत्ताही नाही. अजून मजा म्हणजे जादूगर, सौदागर ह्यातला 'गर' सुद्धा त्याच मुळाचा, करणारा ह्या अर्थी. मग 'कारीगर' मध्ये काय झालं? कार पण तेच आणि गर पण तेच, एका शब्दात एकच मूळ दोनदा. आपण त्याचा कारागीर केला आणि दोन्ही शिवणी लपवून टाकल्या.

आणि मग 'सरकारी कार'. ह्यातली चालवायची कार मात्र ह्या घरातली नाही. ती इंग्रजीतून आली, इंग्रजीत फ्रेंचच्या एका बोलीतून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनने ती गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून उचलली होती, चाकाची गाडी ह्या अर्थाने. डच भाषेत 'कर' म्हणजे गाडी, ढकलायची किंवा ओढायची, तीही ह्याच लॅटिन शब्दाची. तेव्हा 'बेकार कार' असं चिडून म्हणाल तेव्हा दोन कार शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि एकमेकींना ओळखत नाहीत. स्वीडिशमध्ये 'कर' म्हणजे टब, तो वेगळाच.

आता हाताकडे परत येऊ कारण इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. हंगेरियनमध्ये 'कर' म्हणजे हात, खांद्यापासून खालचा. संस्कृतात कर म्हणजे हात. हंगेरियन भाषा युरालिक कुळातली, फिनिशची लांबची नातलग, संस्कृतशी तिचं कूळ जुळत नाही, आणि त्यातही हा शब्द तिचा स्वतःचा नसून तुर्किक भाषांकडून फार पूर्वी उसना घेतलेला मानतात. म्हणजे इथे तर शंभर टक्के अर्थही जुळतोय आणि आवाजही जुळतोय, तरी नातं नाही. गारांच्या बाबतीत निदान अर्थ जरा ओढूनताणून होता, इथे तेही नाही. हा शब्द कोणी मला पुराव्याशिवाय दाखवला असता तर मी पैज हरलो असतो.

आणि कराटे! 'कराटेमधला कर म्हणजे हात, हा मूळचा संस्कृत शब्द' हे तुम्ही ऐकलंच असेल, आणि गंमत म्हणजे कराटेमध्ये हात खरंच आहे. फक्त तो 'करा' मध्ये नसून 'ते' मध्ये आहे. जपानीत 'ते' म्हणजे हात आणि 'कारा' म्हणजे रिकामा, कराटे म्हणजे रिकाम्या हाताने. त्याच्याही आधी हा शब्द वेगळ्या चिन्हाने लिहायचे, त्या 'कारा'चा अर्थ होता चीन, तांग राजवटीचं चिन्ह ते, आणि उच्चार तोच. १९३० च्या दशकात 'रिकामा'वालं चिन्ह रुळलं. म्हणजे जपानीच्या पोटातच एका आवाजाचे दोन शब्द आणि त्यांनी ठरवून एकाच्या जागी दुसरा बसवला. हाच रिकामा 'कारा' कराओकेमध्ये आहे, आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राच्या जपानी उच्चाराचा तोडलेला तुकडा, रिकामा ऑर्केस्ट्रा, म्हणजे वाजवणारे नाहीत, गाणारा तुम्हीच. त्यातला अर्धा शब्द जपानी आणि अर्धा ग्रीकमधून फिरत फिरत आलेला.

'करा' म्हटलं की तुर्कीतला 'करा' येतोच, म्हणजे काळा. काराकोरम मधला 'कारा' हाच, काळी खडी, काळे दगडगोटे अशा अर्थाचं तुर्किक नाव. आणि कन्नडमध्ये 'करि' म्हणजे काळा, तमिळमध्येही काळ्यासाठी 'करु'. परत तेच, द्रविड आणि तुर्किक, अर्थ तंतोतंत, आवाज तंतोतंत, आणि कूळ वेगळं. एवढं बघितल्यावर तरी शंका यायला हवी की हे इतक्या वेळा कसं काय होतं बुवा. तर होणारच ना. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत, प्रत्येकीत हजारो शब्द, आणि तोंडाला सोपे असे आवाज किती, 'क' आणि 'र' आणि 'आ' तर जवळपास सगळ्यांकडे असतात. एवढ्याशा शब्दांच्या जागा मर्यादित आणि बसणारे अर्थ ढीगभर, मग कुठेतरी दोन भाषांत एकाच जागी एकच अर्थ येऊन बसणारच. न बसला असता तर ते आश्चर्य. इंग्रजीत वाईटला 'बॅड' आणि फारसीत 'बद', आपला बदनाम, बदफैली मधला, त्यांचाही काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम नावाच्या भाषेत कुत्र्याला 'डॉग' असंच म्हणायचे, इंग्रजी येण्याच्या आधीपासून, आसपासच्या भाषांत तो 'गुदगा' वगैरे आहे, म्बाबारमने पहिलं अक्षर आणि शेवटचा स्वर गाळला आणि मधला स्वर बदलला की उरतो डॉग. भाषाशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण पहिल्याच आठवड्यात देतात ते उगाच नाही.

मग खरं नातं ओळखायचं कसं? विक्शनरीवर हे धडा म्हणून कुठे लिहिलेलं नाही, पण पानं फिरत गेलं की आपोआप दिसतं. 'हस्त' च्या पानावर जा. संस्कृत हस्त, अवेस्तन (पारशी धर्मग्रंथाची जुनी इराणी भाषा) 'झस्त', जुन्या फारसीत 'दस्त'. पहिलं अक्षर तिन्हीकडे वेगळं. आता संस्कृत 'अहम्' बघा, मी, अवेस्तनमध्ये 'अझेम', जुन्या फारसीत 'अदम'. परत ह, झ, द, त्याच क्रमाने. हे एकदा झालं तर योगायोग, पण शब्दामागून शब्द तीच अदलाबदल दिसायला लागली की तो पुरावा. म्हणून आपला 'हात' आणि 'दस्तऐवज', 'दस्तखत' मधला 'दस्त' हे नातेवाईक आहेत, दिसायला काही सारखेपणा नसताना, आणि आपला 'कर' आणि हंगेरियन 'कर' हे जुळ्यासारखे दिसूनही परके. सारखं दिसण्याला किंमत नाही, नियमाने वेगळं दिसण्याला आहे. हे पचायला जरा वेळ लागतो, पण एकदा पचलं की फॉरवर्ड आलेला कुठलाही 'हा शब्द मूळ संस्कृत आहे' वाला मेसेज अर्ध्या मिनिटात जोखता येतो.

असो, रिव्ह्यू आहे तेव्हा आता कुरबुरी.

सगळ्यात मोठी कुरबुर ही की पान स्पेलिंगवर बांधलंय, आवाजावर नाही. मी वर जे 'कर' सांगितले ते एका पानावर नाहीत. रोमनमधला एका पानावर, टोपीवाला दुसऱ्या, देवनागरीतला तिसऱ्या, फारसी लिपीतला चौथ्या, हिब्रू लिपीतला पाचव्या. हिब्रूवाला आणि तुर्कीवाला शेजारी बघायचे तर तुम्हाला आधीच माहीत पाहिजे की हिब्रूत असा शब्द आहे, नाहीतर तो सापडणारच नाही. आणि उलटंही होतं. रोमनमध्ये सी-ए-आर-ए असं पान आहे, तिथे आयरिशमधला 'कारा' आहे म्हणजे मित्र, इटालियन 'कारा' म्हणजे प्रिय, स्पॅनिश 'कारा' म्हणजे चेहरा, आणि ह्याच स्पेलिंगचा इंडोनेशियन शब्द आहे ज्याचा उच्चार 'चारा' आहे, अर्थ पद्धत, रीत. तो त्या पानावर निव्वळ लिपीच्या अपघाताने बसलाय, खरा तो संस्कृतातून तिकडे गेलेला, आपल्या आचार, उपचार मधल्या 'चार'चा. बाकीच्यांत आयरिश मित्र आणि इटालियन प्रिय हे खरे नातेवाईक आहेत, त्यांच्या मुळाशी संस्कृत 'काम' (इच्छा ह्या अर्थाचा) जोडला जातो, आणि स्पॅनिश चेहरा ग्रीकमधल्या डोकं ह्या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे तो वेगळा. एका पानावर तीन घरं आणि त्यातलं एक तर उच्चारानेही वेगळं. नवख्या माणसाला हे कळायला पानभर वाचावं लागतं आणि बहुतेक लोक पहिल्या अर्थावर थांबतात.

दुसरी गोष्ट चांदणीची. मूळ शब्द दाखवताना बऱ्याचदा त्याच्या आधी एक चांदणी (*) असते. ह्याचा अर्थ हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नियम उलटे लावून तो उभा केलाय. पान हे कुठेतरी सांगतं, पण जोरात नाही सांगत, आणि मग लोक चांदणी गाळून 'पाच हजार वर्षांपूर्वी लोक असं म्हणायचे' असं ठोकून देतात. चांदणी दिसली की आवाज एक पट्टी खाली आणा.

तिसरं म्हणजे दर्जा कमालीचा असमान. युरोपातल्या मोठ्या भाषांची व्युत्पत्ती आठ-दहा ओळींची, संदर्भांसकट, भावंडांसकट, आणि लहान भाषांच्या खाली नुसतं 'ही माहिती अपुरी आहे, भर घालायला मदत करा' अशा अर्थाची चौकट. मराठीची अवस्था मधली कुठेतरी. चांगली गोष्ट अशी की जिथे काम झालंय तिथे वारशाने आलेला आणि उचलून घेतलेला असा फरक नीट केलेला असतो, हा आपल्या तद्भव-तत्समचाच फरक, फक्त जरा जास्त बारीक. म्हणजे 'हात' हा झिजत झिजत आलेला आणि 'हस्त' हा पुस्तकातून जसाच्या तसा आणलेला, हे एका नजरेत कळतं. आणि संस्कृत शब्दांच्या पानांवर खाली वंशजांची यादी असते ती तर मला पूर्ण साइटवरची सगळ्यात मौल्यवान गोष्ट वाटते, कुठला शब्द कुठल्या प्राकृतातून कुठे गेला, ओळींच्या पायऱ्या पाडून दाखवलेला.

भरवसा किती ठेवायचा? कोणीही लिहू शकतं म्हणून घाबरणारे लोक असतात, मला ती भीती जास्त वाटत नाही, प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो आणि व्युत्पत्तीवर वाद घालायला तिथे एक वेगळी चर्चेची जागाच आहे. पण ही शेवटची पायरी समजू नका. आपल्याकडच्या भाषांसाठी टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश आणि बरो-एमेनो ह्यांचा द्रविड व्युत्पत्तिकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, विक्शनरीवर जे वाचलं ते तिथे एकदा ताडून घ्यायचं. इंटरफेस जुनाट आहे, दिसायला रुक्ष, पण माहितीला तोड नाही. फक्त इंग्रजी शब्दांचंच काम असेल तर एटिमऑनलाइन ही इंग्रजी व्युत्पत्तीची साइट जास्त वाचनीय आहे, ते सरळ गोष्ट सांगितल्यासारखं लिहितात. पण तिथे तुम्हाला तुर्की हिम आणि हिब्रू थंडी भेटणार नाही, कारण ते एका भाषेचं दुकान आहे.

मुलांना दाखवायचं असेल तर 'कर' नका घेऊ, 'मामा' घ्या. मराठीत आईचा भाऊ, कितीतरी भाषांत आई, आणि जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप, आई तिथे 'देदा'. रोमन याकोबसन ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास ह्यावर लिहिलंय, की बाळाच्या तोंडून सगळ्यात आधी ओठांचे आवाज निघतात, म आणि प आणि ब, आणि मोठी माणसं ते आपल्यालाच हाक मारली असं समजून त्याला अर्थ चिकटवतात. म्हणून हे शब्द जगभर सारखे, आणि म्हणूनच नातं सिद्ध करायला ते बिनकामाचे. पाच मिनिटांत मुलांना मुद्दा कळतो, चांदण्या आणि टोप्या समजवत बसावं लागत नाही.

वापरायला बसाल तेव्हा दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. मोबाइलवर पानं लांबच लांब होतात आणि भाषांचे भाग घडी करून ठेवलेले असतात, त्यामुळे वाटतं की पान रिकामं आहे, घडी उघडा. आणि शक्य असेल तर कॉम्प्युटरवर बसा, बाजूला अनुक्रमणिका दिसते, तिच्यावरून उड्या मारता येतात. एकाक्षरी शब्दांची पानं, नुसतं 'ए' वगैरे, उघडायच्या फंदात पडू नका, ती इतकी अवाढव्य आहेत की लोड होता होता ब्राउझर हाय खातो. तीन अक्षरांपासून सुरुवात करा. 'माता' चांगला आहे, रोमनमध्ये एम-ए-टी-ए, मलयमध्ये डोळा, स्पॅनिशमध्ये 'ठार मारतो', स्वीडिशमध्ये 'भरवणे'. 'माता हारी' ह्या मलय शब्दामधला डोळाही तोच, हारी म्हणजे दिवस, दिवसाचा डोळा म्हणजे सूर्य. आपल्या मातेचा ह्यातल्या कोणाशीही संबंध नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो, बाकी कोण कोणाचं ते पानावर जाऊन बघा.